पायाचा अंगठा उचलत नाही? कारण शोधा

अंगठा दुखला की आपण 'शीर आखडली' म्हणतो, बाम चोळतो आणि कामावर जातो. बहुतेक वेळा ठेच, घट्ट चप्पल किंवा जास्त चालणे हेच कारण असते. पण काही कारणे वेगळी असतात. तिथे उशीर केला तर अंगठा कायमचा लुळा पडू शकतो.

स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी म्हणजे कंडरा. डॉक्टर तिला टेंडन म्हणतात. अंगठा वर उचलणारी कंडरा पावलाच्या वरच्या बाजूला, कातडीच्या अगदी खाली असते.

१) काच-पत्र्याची जखम : सफाई, भंगार, बांधकाम करणाऱ्यांत ही आढळते. जखम लहान दिसते, पण आत कंडरा तुटलेली असू शकते. टाके घालण्यापूर्वी अंगठा वर उचलून दाखवा. उचलत नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. कंडरा वेगळी शिवावी लागते. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. आणि बूट ठेकेदाराकडून मागून घ्या, ती मेहेरबानी नव्हे.

२) औषधे : सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गोळ्यांनी क्वचित कंडरा सुजते, तुटतेही. टाचेची कंडरा जास्त, पण इतरही. साठीपुढील व स्टिरॉइड घेणाऱ्यांना धोका अधिक. दुखू लागताच डॉक्टरांना कळवा. टीबीचे औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

३) युरिक अॅसिड : रात्रीत अंगठ्याचा सांधा लाल, गरम होतो. हे खडे कंडरेतही साचतात.

४) नस : कंडरा शाबूत, पण तिला हुकूम देणारी नस दबलेली किंवा सुजलेली. कमरेतून पायात कळ येत असेल तर मणका तपासा. पावलाला बधिरपणा किंवा अंगावर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करा. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. नस नुकतीच, सहा महिन्यांच्या आत, अधू झाली असेल तर ती सुधारण्याची आशा चांगली असते.

कुष्ठरोग जंतूमुळे होतो, मागच्या जन्मीच्या पापामुळे नाही. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सुप्पबुद्ध या कुष्ठरोग्याच्या धम्मदीक्षेची कथा दिली आहे. बुद्धांनी त्याला दूर ठेवले नाही. मग आपण लाजेने आजार का लपवावा?

आज घरी एवढे करा : सगळ्यांना खाली बसवून दोन्ही अंगठे वर उचलायला सांगा. एक मागे राहिला, तर उद्याच दवाखाना गाठा.

जयभीम!