अर्थशास्त्रातील संशोधन आणि आपले गणित

कला शाखेत आल्यावर गणिताशी संबंध संपला, असे आपल्यापैकी पुष्कळजण मानतात. बी. ए.पर्यंत ते चालूनही जाते. परंतु अर्थशास्त्रात पीएच्. डी. करण्याची आकांक्षा असेल, तर हा समज महाग पडतो.

या दृष्टीने अमेरिकन विदुषी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे उदाहरण उद्बोधक आहे. शालेय जीवनात त्यांना त्रिकोणमिती घेण्यापासून परावृत्त करण्यात आले. लॉस अँजेलिस येथे राज्यशास्त्राची पदवी घेतल्यावर त्यांना अर्थशास्त्रात पीएच्. डी. करावयाची होती, पण पुरेसे गणित नसल्याने प्रवेश मिळाला नाही. तेव्हा त्यांनी राज्यशास्त्रातच, दक्षिण कॅलिफोर्नियातील भूजलाच्या प्रश्नावर संशोधन करून १९६५ साली पीएच्. डी. मिळविली. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. मात्र अशी आडवाट सर्वांनाच साधेल, या भरवशावर राहणे योग्य नव्हे.

गणित कशाला हवे? एक साधे उदाहरण घेऊ. नगांची संख्या 'न' मानून एकूण खर्च १०० + १०न + न² असेल, तर ५ नगांचा खर्च १७५ रुपये व ६ नगांचा १९६ रुपये होतो. कोष्टकावरून सहाव्या नगाचा सीमांत खर्च २१ रुपये येतो. विकलनाने सीमांत खर्चाचे १० + २न हे सूत्रच हाती येते. मग कोणत्याही नगसंख्येसाठी वेगळे कोष्टक मांडावे लागत नाही. उपभोक्त्याचे महत्तम समाधान, उत्पादकाचा महत्तम नफा हे सारे याच वाटेने सिद्ध करतात.

तयारीचा क्रम असा ठेवता येईल : प्रथम अकरावी-बारावीचे बीजगणित व आलेख, नंतर विकलन व संकलन, मग मॅट्रिक्स आणि शेवटी संभाव्यता व संख्याशास्त्र. उदाहरणे नुसती वाचू नयेत, स्वतः सोडवावीत. जोडीला इंग्रजी परिभाषाही शिकावी.

आपल्याकडे पीएच्. डी.साठी सर्वसाधारणपणे एम्. ए.ला ५५ टक्के गुण लागतात; राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत आहे. २०२४ पासून 'नेट'चे गुणही या प्रवेशासाठी धरले जातात. पुण्याची गोखले संस्था (१९३०) किंवा मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था (१९८७) डोळ्यांसमोर ठेवणाऱ्याने गणिताची तयारी पदवीच्या काळातच सुरू करावी.

ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्यांना हे वेळेवर सांगणारे कोणी नसते. म्हणून प्राध्यापकांना विनंती, की द्वितीय वर्षापासूनच आठवड्याला एक तास गणितासाठी द्यावा. आणि मित्रहो, तो तास सुरू झाला, तर वर्ग ओस पडू न देणे आपल्या हाती आहे.