झेलंडच्या किनाऱ्यावर तंबू ठोकणार असाल तर

नेदरलँड्सच्या झेलंड प्रांतात समुद्राकाठी तंबू टाकून राहणं सुखाचं, पण तिथला वारा फार फसवा. आम्ही पोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं. संध्याकाळी नैऋत्येचा वारा सुटला आणि मध्यरात्री तंबूच्या काठ्या वाकल्या. लेकीला उचलून गाडीत बसवलं आणि उजाडेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो.

साध्या खुंट्या वाळूत धरत नाहीत. लांब, रुंद पात्याच्या न्या. तंबूची पाठ वाऱ्याकडे ठेवा, ताणाच्या दोऱ्या उजेडातच बांधा. पाऊस आला म्हणून तंबूत स्टोव्ह मुळीच पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला काही कळतही नाही. आणि हवामान संस्थेचा नारिंगी इशारा आला, तर तंबू दिवसाउजेडीच उतरवा.

अंधाराचं एवढं सांगतो, कारण या प्रांताने ती रात्र भोगली आहे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उधाणाची भरती आणि वायव्येचं वादळ एकदम आलं, बांध फुटले, देशात १,८३६ माणसं दगावली. इशारा निघाला होता, पण रात्री रेडिओचं प्रसारण बंद असे.

वारा पडल्यावर, त्या पुरानंतर बांधलेला ओस्टरस्खेल्डे खाडीच्या तोंडावरचा बंधारा पाहिला. लांबी सुमारे नऊ किलोमीटर, काँक्रीटचे ६५ खांब, त्यांच्यामध्ये ६२ पोलादी दरवाजे. मूळ बेत खाडीचं तोंड कायमचं बुजवण्याचा होता. कालवं-शिंपल्यांवर पोट असलेले लोक आणि निसर्गप्रेमी त्याविरुद्ध उभे राहिले, म्हणून उघडमीट होणारे दरवाजे आले. १९८६ साली ते सुरू झाले. आजही भरती-ओहोटी त्यातून ये-जा करते. कोकणातल्या खाडीकाठी वाढलेल्या मला तो लढा फार मोठा वाटतो.

पाणी प्रमाण पातळीच्या तीन मीटर वर जाईल असा नुसता अंदाज आला, तरी दरवाजे खाली सोडतात. कारण ते पूर्ण बंद व्हायला तासाहून जास्त वेळ लागतो. आम्हीही आता तंबू अंदाजावरच उतरवतो, आभाळ निरभ्र असलं तरी.

उन्हाळ्यातल्या वादळात दरवाजे सहसा पडत नाहीत. ते दृश्य दिसेल म्हणून सोसाट्याच्या वाऱ्यात मुलांना घेऊन काठावर जाऊ नका. वारा शमल्यावर बंधाऱ्याच्या मधल्या नेल्ट्ये यान्स बेटावर जा आणि सावकाश बघा.