टायर बदलताना अ‍ॅव्हरेज बघावे की पकड?



या पानावर मी नेहमी बेणे, खत, खोडवा याबद्दल लिहितो. या खेपेस विषय छोट्या मोटारीच्या टायरचा आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या दारात आता चारचाकी उभी आहे, आणि कित्येकांची मुले पनवेल-खारघरकडे नोकरीला असून सणावाराला त्याच गाडीने गावी येतात. त्यांनाही हे वाचायला द्यावे.

माझा धाकटा भाऊ खारघरला राहतो. त्याची ऑल्टो ८००. टायर पार गोटा झालेले. मी म्हणालो, बदल. तर म्हणतो, "दादा, लिटरला बावीस देतीय गाडी, कशाला हात लावू?" जुलैत गावाहून परत जाताना द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या उताराला त्याला पाऊस लागला. पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला, यानेही मारला. चाके थांबली, पण गाडी घसरतच राहिली. टेम्पोपासून हातभर अंतरावर थांबली तेव्हा मागच्या सीटवर मुले झोपलेली होती.

पुढच्याच आठवड्यात त्याने चारही टायर नवे घातले. पंधरा दिवसांनी फोन आला, "अ‍ॅव्हरेज एकवीसवर आलं, दुकानदारानं फसवलं."

दुकानदाराने फसवले नव्हते. चाक फिरताना टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो आणि वर जाताना पुन्हा फुगतो. या दाबण्या-फुगण्यात रबर तापते आणि तेवढे पेट्रोल खर्ची पडते. नव्या टायरची नक्षी खोल, रबर जाड, म्हणून खर्च थोडा जास्त. झिजलेला टायर हलका फिरतो. टायरगाडीत हवा कमी असली की बैलांच्या तोंडाला फेस येतो, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी गोम मीटरची. मीटर चाकाचे फेरे मोजतो. ऑल्टोचे चाक साधारण ५३.५ सेंटिमीटर व्यासाचे. नक्षी ५ मिलिमीटर झिजली की व्यास एक सेंटिमीटरने घटतो आणि १०० किलोमीटर गेले तरी मीटर १०२ दाखवतो. म्हणजे त्या बावीसातला जवळजवळ अर्धा किलोमीटर मुळात नव्हताच. वर्षाला १२ हजार किलोमीटर धरले तर खरा फरक पंधरा-सोळा लिटरचा. एवढ्यासाठी घाटात जीव टांगणीला लावायचा का?

उसातही हेच आहे. को ८६०३२ आणि फुले २६५ यांत शेजाऱ्याने कोणता लावला हे बघून चालत नाही, आपली जमीन कशी आहे ते बघावे लागते. चोपण रानाला २६५ मानवतो. टायरचेही तसेच. खारघरचा पाऊस आणि बोरघाटाची चढ-उतार ज्याच्या वाट्याला आहे, त्याने ओल्या रस्त्यावरची पकड आधी बघावी, अ‍ॅव्हरेज नंतर. सिलिका घातलेल्या रबराचे टायर आता दोन्ही बऱ्यापैकी साधतात. काही टायरवर ऊर्जा दक्षता ब्यूरोची ताऱ्यांची चिठ्ठी असते. ते तारे इंधन बचतीचे आहेत, पकडीबद्दल वेगळे विचारावे.

माप कंपनीने दिले तेच घ्यावे. भावाच्या गाडीला १४५/८० आर १२. "रुंद घाला, गाडी उठून दिसते," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. गाडी दिसते खरी, पण जड फिरते. मापापुढे भाराचा आकडा असतो. ७४ म्हणजे एका टायरवर ३७५ किलो. याहून कमी आकडा घेऊ नये, कारण आपल्याकडे पाच माणसे बसल्यावर डिकीत ज्वारीचे पोतेही चढते.

बाजूला चार आकडी तारीख कोरलेली असते. ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा. स्वस्तात मिळतो म्हणून तीन-चार वर्षे पडून राहिलेला माल उचलू नये. नक्षीच्या खाचेत लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांना टेकली की १.६ मिलिमीटरच उरली असे समजावे. पावसाळ्यात तोवर थांबूच नये.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे घालावेत. लोक उलटे करतात. ओल्या वळणावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ बघते, वेग कमी केला की बहुधा सावरते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणे भल्याभल्यांना जमत नाही.

हवा महिन्यातून एकदा सकाळी टायर थंड असताना बघावी. आकडा दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत असतो. स्टेपनीचीही बघावी. भावाची स्टेपनी आम्ही दिवाळीत काढली तर ती पार बसलेली होती.

— ऊस विकास अधिकारी