कलाविद्यार्थी आणि अंकुराची वाढ



कला महाविद्यालयातील पहिले वर्ष उत्साहात जाते. पुढे वर्गातील दुसऱ्याचा हात अधिक सफाईदार वाटू लागतो, रंग-कागदाचा खर्च टोचतो आणि घरी विचारणा होते, ‘चित्रे काढून पोट भरेल का?’ येथेच अनेक जण ब्रश खाली ठेवतात. खरे पाहता प्रगती होतच असते. ती रोजच्या रोज दिसत नाही, इतकेच.

याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रपट काढायचा तर भांडवल हवे होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर पाहता पाहता बीचे रोप झाले. ते पाहून मदत करणारे पुढे आले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

आपणही तसेच करावे. रोज एक रेखाचित्र काढावे, पाठकोऱ्या कागदावर का होईना. कोपऱ्यात तारीख घालावी. रविवारी गोदाघाटावर किंवा त्रिरश्मी लेण्यांत जाऊन बसावे. फसलेले चित्र फाडू नये. महिनाअखेरीस सर्व कागद क्रमाने मांडावेत. तुलना शेजाऱ्याशी नको, आपल्याच पहिल्या तारखेच्या कागदाशी करावी.

पालकांनीही गुणपत्रिकेआधी हे कागद पाहावेत. रोज उकरून पाहिलेले बी रुजत नाही.