घरगुती साबणाचा सुगंध का टिकत नाही?

थोड्या भांडवलात सुरू होणारा उद्योग म्हणून अनेक महिला बचत गट साबणनिर्मितीकडे वळतात. परंतु साच्यातून काढताना दरवळणारी वडी महिन्याभराने विक्रीस काढावी, तर तिला वासच उरलेला नसतो. सुगंधी तेल हा या कामातील महाग घटक होय. तो वाया गेला की गटाचे भांडवल अडकते. अशा वेळी तेलात भेसळ असल्याचा संशय घेतला जातो. पुष्कळदा मात्र दोषाचे मूळ कृतीत असते.

थंड पद्धतीत खाद्यतेल व कॉस्टिक सोड्याचे द्रावण यांच्या संयोगाने साबण बनतो. या क्रियेत उष्णता निर्माण होते व मिश्रण तीव्र क्षारधर्मी असते. सुगंधी तेल आरंभीच घातल्यास त्यास या दोहोंचा मारा सोसावा लागतो. यास्तव मिश्रण सुमारे ४० अंश सेल्सिअसपर्यंत निवल्यावर आणि ढवळणीची रेघ पृष्ठभागावर क्षणभर टिकू लागल्यावरच ते घालावे. प्रमाण थेंबांनी न मोजता वजनाने घ्यावे. एक किलो खाद्यतेलास ३० ग्रॅमपर्यंत सुगंधी तेल सामान्यतः पुरेसे होते.

तेलाची निवडही महत्त्वाची आहे. संत्र्याच्या सालीच्या तेलात लिमोनीन हा द्रव्यांश विपुल असतो व तो लवकर उडून जातो. त्याऐवजी रोशा गवताचे तेल अधिक टिकते. खानदेशात या तेलाचा व्यवसाय जुना आहे. संत्र्याचाच वास हवा असल्यास त्यास वाळ्याच्या किंवा पाचोळीच्या तेलाची थोडी जोड द्यावी. ही जड तेले सावकाश उडतात व हलक्या वासास धरून ठेवतात.

दुसरी तक्रार मिश्रण एकाएकी घट्ट होण्याची. लवंग तेलातील युजेनॉलमुळे असे घडते व वडीस तपकिरी छटाही येते. एक किलो खाद्यतेलास ३ ग्रॅमहून अधिक लवंग तेल घेऊ नये. जादा प्रमाण त्वचेसही बाधते. ते थोड्या खाद्यतेलात मिसळून घालावे आणि मिश्रण यंत्राने न घुसळता हाताने ढवळावे.

तिसरी तक्रार खवट वासाची. वडीवर नारिंगी ठिपके दिसू लागल्यास मूळ खाद्यतेल खराब झाले असे समजावे. सुगंधाची मात्रा वाढवून हा दोष झाकत नाही. असा माल विकू नये.

वड्या चार ते सहा आठवडे हवेशीर सावलीत वाळवून मग कागदात गुंडाळाव्यात. उन्हात ठेवल्यास सुगंध लवकर जातो.

ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी गटांस दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. पहिली, कोणतेही नवे सुगंधी तेल प्रथम एक किलोच्या घाण्यात आजमावावे. तारीख, वजने व तापमान वहीत नोंदवून महिन्याने वास पाहावा आणि मगच मोठी खरेदी करावी. दुसरी, अंगाचा साबण विक्रीसाठी बनविण्यास सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० अन्वये परवाना लागतो. कॉस्टिक सोडा हाताळताना हातमोजे व चष्मा वापरावा, सोडा पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर ओतू नये, आणि मुलांना या कामापासून दूर ठेवावे. एवढी शिस्त पाळली, तर गटाने खर्चिलेला सुगंध ग्राहकाच्या घरापर्यंत पोहोचेल.