उन्हाळ्यातली सुई

मुंबईत जानेवारीच्या सकाळी छान चालणारं तुमच्या मॉडेल विमानाचं ग्लो इंजिन जुलैत रास अल खोरच्या एखाद्या गॅरेजमध्ये चालू करा. धूर जास्त, आवाज घोगरा. बिघाड काही नाही, हवा बदलली आहे. 20 अंश सेल्सियसला एक घनमीटर कोरडी हवा साधारण 1.20 किलो भरते, 45 अंशांना 1.11. त्यात खाडीचा दमटपणा: 35 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असली, तर हवेतली साडेचार टक्के जागा नुसती वाफच अडवते. ऑक्सिजन घटला, सुईच्या फटीतून इंधन मात्र जवळपास तेवढंच येतं. मिश्रण रिच झालं.

म्हणून सुई आत फिरवायची, पण जपून. या इंधनातच तेल मिसळलेलं असतं. इंधन कमी म्हणजे वंगण कमी, आणि मेथॅनॉलची वाफ होताना मिळणारा गारवाही कमी. माझं इंजिन दोन मिनिटांत बंद पडायचं, तेव्हा मी सुई आणखी आत घेतली. पिस्टन घासला गेला!

इंजिन तापल्यावर पूर्ण थ्रॉटल द्या. प्रोपेलरच्या मागे उभं राहून सुई हळूहळू आत घ्या. आवाज सर्वांत चढा झाला की मिनिटाला दोन-तीनशे फेरे उतरेपर्यंत बाहेर. मग विमान घट्ट धरून नाक वर करा. इंधनाला चढ लागतो, मिश्रण लीन होतं. आवाज किंचित चढला तर ठीक. बसू लागला तर सुई अजून बाहेर.

प्लगची बॅटरी काढताच इंजिन थांबलं, तर सुईला हात लावण्याआधी प्लग बदलून पाहा. आणि इंधनाच्या डब्याचं झाकण घट्ट लावा, मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढतं.