तिकीट नसलेली पणजी : एका दिवसाचा अभ्यासपाठ



गेल्या वर्षी सहलीची वर्गणी जाहीर झाली आणि दोन दिवसांत तीन मुलांनी आपली नावे मागे घेतली. एकाने ताप असल्याचे सांगितले, दुसऱ्याने घरी पाहुणे येणार असल्याचे सांगितले, तिसरा काहीच बोलला नाही. खरे कारण वर्गात सर्वांना ठाऊक होते. तेव्हापासून मनात होते, की जिथे कोणाचेही नाव मागे राहणार नाही अशी एक सहल आखून पाहावी. त्यासाठी फार लांब जायला नको. आपली राजधानी पणजी त्याला पुरेशी आहे. खर्च फक्त बसभाड्याचा. डबा आणि पाण्याची बाटली घरून घ्यायची, सोबत वही-पेन्सिल.

१. ग्रंथालय

बसस्थानकावर उतरलात की पाटो भागातच कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. या ग्रंथालयाची स्थापना १८३२ सालची, म्हणजे देशातील जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी हे एक. ज्यांचे नाव त्याला दिले आहे ते कृष्णदास शामा सोळाव्या शतकात आपल्या गोव्यातच होऊन गेले. त्यांनी १५२६ साली ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ हा मराठी ग्रंथ लिहायला घेतला. गोव्यातील मराठी किती जुनी, असे कोणी विचारले तर हे एक साल तुम्हाला पाठ असले पाहिजे. मुलांसाठी येथे स्वतंत्र विभाग आहे. वर्गच्या वर्ग जाणार असेल तर शाळेचे पत्र आधी द्यावे.

२. फोंतेन्हास आणि मळा

ग्रंथालयातून निघून खाडीवरचा पूल ओलांडला की जुनी वस्ती लागते. फोंतेन्हास या नावाचा अर्थ लहान झरे. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याला पाणी होते, म्हणून वस्ती झाली. पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती पाहा. पोर्तुगीज काळात पांढरा रंग चर्चसाठी राखून घरांना इतर रंग देण्याची पद्धत होती. खिडक्या, कौले, बाल्कनीचे लोखंडी गज यांपैकी एकाचे चित्र वहीत काढा.

मात्र एक लक्षात ठेवा. ही लोकांची राहती घरे आहेत. फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीने तेथील रहिवासी त्रासलेले आहेत. कोणाच्या पायरीवर बसू नये, खिडकीतून डोकावू नये. आपल्या अंगणात अनोळखी माणसे येऊन उभी राहिली तर आपल्या आजीला काय वाटेल, याचा विचार करावा.

३. चर्च चौक आणि आदिलशाही वाडा

पुढे दहा मिनिटांवर पांढरेशुभ्र चर्च दिसते. येथे १५४१ साली लहान प्रार्थनागृह होते. आजची वास्तू सतराव्या शतकातील आहे. वरची मोठी घंटा जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाची. ती १८७१ साली येथे बसविली. नागमोडी पायऱ्या मोजा आणि आकडा लिहून ठेवा. आत प्रार्थना चालू असेल तर शांत राहा.

तेथून नदीकडे उतरले की आदिलशाही वाडा. विजापूरच्या सुलतानाने बांधलेला हा वाडा पुढे व्हाइसरॉयचे निवासस्थान झाला, मग सचिवालय. विधानसभा २००० साली पर्वरीला जाईपर्यंत गोव्याचा कारभार येथूनच चाले. तीन राजवटी पाहिलेली वास्तू रस्त्यावरून पाहायला काहीच पडत नाही.

शेजारीच एक पुतळा आहे : हात पुढे केलेला पाद्री आणि समोर कोसळणारी स्त्री. हे आबे फारिया, जन्म कांदोळी, १७५६. संमोहनात कसलीही चुंबकशक्ती नसते, जे घडते ते त्या माणसाच्या स्वतःच्या मनात, असे त्यांनी पॅरिसमध्ये मांडले. १९४५ साली उभारलेला हा पुतळा मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविला.

४. फेरीबोट

आता मुलांच्या सर्वांत आवडीचा भाग. धक्क्यावरून बेतीला जाणारी फेरीबोट पायी प्रवाशांकडून पैसे घेत नाही. पलीकडे जाऊन परत या. याच मांडवीत कॅसिनोच्या झगमगीत बोटी उभ्या आहेत. तेथे आपले काही काम नाही. नदी मात्र दोघांना सारखीच दिसते.

मोठ्यांना विचारा, १९८६ साली मांडवीचा पूल कोसळला तेव्हा काय झाले? तेव्हा याच फेरीबोटींनी दोन्ही काठ जोडून ठेवले होते.

येथे विज्ञानाचा एक धडाही आहे. बोट जेथे लागते त्या उताराकडे पाहा. ओल्या भागाची रेघ कुठवर आहे? तीच भरतीची खूण. आज भरती सकाळी दहाला असेल तर उद्या ती साधारण पन्नास मिनिटे उशिरा येईल. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा गाठायला पृथ्वीला तेवढा वेळ जास्त लागतो.

५. मिरामार

शेवटी नदीकाठाने कांपालवरून मिरामारला जा. सुमारे तीन किलोमीटर चालणे आहे. लहान मुले दमली तर बस आहे. मांडवी येथे समुद्राला मिळते. नदीमुखाजवळ प्रवाह फसवा असतो, म्हणून पाण्यात उतरू नये. वाळूत बसून डबा खावा.

येथेच गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद उर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी आहे. ते १९७३ साली गेले. मुक्तीनंतर त्यांच्या कारकिर्दीत खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. तुमच्या आजी-आजोबांपैकी कितीतरी जण घरातले पहिले साक्षर झाले ते अशाच शाळेत, पैसे न भरता.

म्हणून हा पाठ येथे संपवायचा. आज दिवसभर आपण कोठेही तिकीट काढले नाही, पण यातले काहीच आपोआप आलेले नाही. ग्रंथालयातील पुस्तक कोणीतरी विकत घेतले आहे, फेरीबोटीचे डिझेल सर्वांच्या करातून येते, किनाऱ्यावरील कचरा पहाटे कोणीतरी उचलला आहे. जे सर्वांचे असते ते सांभाळायलाही सर्वच लागतात. डब्याचा कागद पिशवीत परत आणणे, हेच आपले तिकीट समजा.

स्वाध्याय

१. चर्चच्या पायऱ्या किती? तिघांनी मोजून आकडे पडताळा.
२. भरतीची रेघ सलग दोन दिवस पाहून वेळांतील फरक लिहा.
३. आजी-आजोबांना त्यांच्या पहिल्या शाळेबद्दल विचारून दहा ओळी लिहा.
४. आपल्या गावातील विनामूल्य अशी तीन ठिकाणे शोधा. ती कोण सांभाळते?

पालक व विश्वस्तांस विनंती : वर्षातून निदान एक सहल अशी असावी. बसभाड्याची सोय शाळेने केली तर यादीतून एकही नाव गळणार नाही, आणि कोणा मुलाला तापाचे निमित्त सांगावे लागणार नाही.